मोटारीचे मागचे कान



गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एका घरी साखरपुड्याच्या जेवणास जाण्याचा योग आला. पंगती उठल्या, पाहुणे निरोप घेऊ लागले, आणि घरच्या थोरल्या मुलाने दूरच्या पाहुण्यांस पोहोचविण्यासाठी अंगणातली मोटार मागे घेण्यास सुरुवात केली. रिव्हर्स गिअर पडताच गाडीत एक लांबलचक कर्कश सूर उमटला आणि दोन-तीन सेकंदांनी थांबला. मी विचारले, "हे काय झाले?" तो हसून म्हणाला, "फादर, ती रोजच अशी एकदा बोंबलते आणि गप्प बसते. गप्प बसली, की मागं काही नाही असं समजायचं."

तोच पडवीतून त्याच्या आजीची हाक आली, "आरं थांब! पोर हाय मागं!"

ब्रेक लागला. खाली उतरून पाहतो तो दोन वर्षांचा नातू मागच्या चाकाजवळ उकिडवा बसून कोंबडीच्या पिलास तांदळाचे दाणे घालीत होता. बंपर आणि त्याचे डोके यांत जेमतेम वीतभर अंतर उरले होते. पोराला काही झाले नाही; परंतु त्यानंतर त्या अंगणात बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

ज्या यंत्राने त्या मुलाची चाहूल द्यावयाची, ते कित्येक दिवस आजारी होते. आपण आजारी असल्याचे ते रोज ओरडून सांगत होते. आणि घरची माणसे त्या ओरडण्याचा नेमका उलटा अर्थ लावीत होती. सबब या खेपेस ह्या यंत्राविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले. आपल्या गावांतून आता पुष्कळ घरी मोटार आली आहे. १ जुलै २०१९ पासून भारतात तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या प्रवासी मोटारीस मागचे पार्किंग सेन्सर बसविणे नियमाने बंधनकारक झाले आहे. म्हणजे हे यंत्र आता केवळ शहरी चैनीची वस्तू राहिलेले नाही. घरात आलेल्या वस्तूचा स्वभाव घरच्यांस ठाऊक असलेला बरा.

हे यंत्र ऐकते कसे?

मागच्या बंपरवर रुपयाच्या नाण्याएवढ्या दोन, तीन किंवा चार गोल चकत्या दिसतात. पुष्कळजण त्यांना गाडीचे डोळे म्हणतात. वास्तविक ते कान आहेत, आणि तोंडही तेच. प्रत्येक चकतीच्या आत ॲल्युमिनियमची एक लहान वाटी असते व तिच्या तळाला एका विशेष चिनी मातीची पातळ टिकली चिकटविलेली असते. ह्या टिकलीस विजेचा झटका दिला की ती थरथरते. आणि बाहेरून थरथर आली की ती स्वतः वीज निर्माण करते. काही स्फटिक दाबले असता त्यांवर वीज उमटते, हा गुण पिएर क्युरी आणि त्यांचे बंधू झाक यांनी १८८० साली फ्रान्समध्ये शोधून काढला. पहिल्या महायुद्धात पोल लांजव्हँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याच गुणाचा उपयोग समुद्रातील पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी केला. आज तोच गुण आपल्या अंगणात काम करीत आहे.

रिव्हर्स गिअर पडला की ह्या चकत्या सेकंदाला चाळीस हजार किंवा त्याहून अधिक कंपनांचा आवाज थोड्या थोड्या अंतराने बाहेर सोडतात. माणसाचा कान फार तर वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू शकतो, म्हणून तो आवाज आपणांस कळत नाही. मागे भिंत असेल तर तो तिच्यावर आपटून परत येतो. साधारण २० अंश सेल्सिअस तापमानात आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. भिंत एक मीटरवर असेल, तर जाऊन येऊन दोन मीटरांचा प्रवास होतो. त्यास सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे सहा भाग लागतात. एवढा अल्प वेळ मोजून डिकीतली लहान पेटी अंतर काढते व तसतसा आवाज काढते: दूर असता सावकाश टुक्‌ टुक्‌, जवळ येता भरभर, आणि साधारण एक फुटाच्या आत आल्यावर अखंड सूर.

अंधारात आवाजाने वाट शोधण्याची ही विद्या माणसापूर्वी वटवाघळांस अवगत होती. इटलीतील पाविया येथे अध्यापन करणारे लाझारो स्पालांझानी हे धर्मगुरू आणि सृष्टिशास्त्रज्ञ होते. डोळे निकामी झालेली वटवाघळेही न धडकता उडतात, असे त्यांनी १७९३ साली प्रयोगांनी पाहिले. पुढच्याच वर्षी जिनिव्हातील लुई ज्युरीन यांनी वटवाघळांचे कान बंद करून पाहिले, तेव्हा मात्र ती वस्तूंवर आदळू लागली. आवाज न ऐकू येता कान कसे उपयोगी पडतात, हे कोडे पुढे दीडशे वर्षे उलगडले नाही. १९३८ साली अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन यांनी वटवाघळे माणसास न ऐकू येणारा आवाज काढतात हे उपकरणाने पकडले, तेव्हा त्या जुन्या प्रयोगांचा खुलासा झाला. असो.

आधी त्याची भाषा समजून घ्यावी

बिघाड शोधण्यापूर्वी यंत्र काय म्हणते आहे ते नीट ऐकावे. तक्रारी साधारणतः तीन प्रकारच्या असतात.

पहिली: मागे काहीच नसता ते सारखे टुक्‌ टुक्‌ करते किंवा अखंड सूर धरते. ह्याचा अर्थ यंत्र जिवंत आहे, परंतु त्याला काहीतरी खोटेच दिसते आहे. दोष बहुधा चकतीच्या तोंडाशी असतो.

दुसरी: गिअर पडताच काही सेकंद एकच लांब सूर, आणि नंतर पूर्ण शांतता. कित्येक गाड्यांत ही "माझ्यात दोष आहे, आज माझ्यावर विसंबू नका" अशी सूचना असते. काही गाड्यांत त्याबरोबर समोरच्या फलकावर अक्षरेही उमटतात. त्या साखरपुड्याच्या घरी नेमके हेच घडत होते. तेथील शांततेचा अर्थ "मागे रस्ता मोकळा" असा नव्हता. "मी आता पाहत नाही" असा होता.

तिसरी: काहीच आवाज नाही, आरंभीचाही नाही. येथे यंत्राला वीजच पोहोचत नसावी, किंवा आवाज काढणारी पेटी बंद पडली असावी. काही गाड्यांत हे यंत्र बंद करण्याचे बटन असते. एखाद्या मुलाने ते सहज दाबलेले असू शकते. ते आधी पाहावे.

आपल्या गाडीचा कोणता सूर काय सांगतो हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलेले असते. ते पुस्तक पुष्कळांच्या गाडीत प्लास्टिकच्या पिशवीतून अद्याप बाहेर आलेले नाही. ते बाहेर काढावे.

खर्चाविना होणारे उपाय

पहिला उपाय पाण्याचा. आपल्या भागातील तांबडी माती, शेण, पावसाचा चिखल चकतीवर वाळून बसला की तिची थरथर अडते आणि ती खोटे बोलू लागते. पाणी व मऊ फडके घेऊन चकत्या आणि त्यांच्या भोवतीची फट हळूच पुसून काढावी. टोकदार वस्तूने किंवा ब्रशाने खरवडू नये. गाडी धुण्याच्या दुकानात जोराच्या पाण्याची नळी चकतीशी अगदी जवळ धरून फवारा मारतात. तसे करू देऊ नये. त्या माराने चकती आत सरकते किंवा तिच्यात पाणी जाते.

दुसरा उपाय नजरेचा. गाडीच्या मागे काही नवे लावले आहे काय, ते पाहावे. लोखंडी गार्ड, टोचनाचा हुक, सायकल टांगण्याची चौकट, वाकलेली नंबरप्लेट, चकतीवर आलेले स्टिकर, ह्यांपैकी काहीही आवाजाच्या वाटेत आले की यंत्र त्यालाच अडथळा समजते. मुसळधार पावसात, किंवा शेजारी ट्रक एअर ब्रेकची हवा सोडीत असता, क्वचित खोटा आवाज येतो; तो बिघाड नव्हे.

तिसरे, चकत्या बंपरात सरळ बसल्या आहेत काय, ते पाहावे. बंपरला लहानसा धक्का बसला तरी आतील पकड तुटते व एखादी चकती खाली झुकते. झुकलेली चकती जमिनीचाच प्रतिध्वनी ऐकते आणि अंगण रिकामे असता ओरडत राहते. बाजारात मिळणारा संच मागाहून बसविला असेल, तर चकतीच्या पाठीमागे वरची बाजू दाखविणारी खूण असते; ती बाजू खाली करून बसविली गेल्यास हाच त्रास होतो.

चौथे, मागाहून बसविलेल्या संचास वीज सामान्यतः रिव्हर्सच्या पांढऱ्या दिव्याच्या वायरीवरून घेतलेली असते. म्हणून गिअर टाकून तो दिवा लागतो काय, हे एकाला मागे उभे करून पाहावे. दिवा लागत नसेल तर दोष सेन्सरात शोधण्यापूर्वी बल्ब, फ्यूज आणि गिअरबॉक्सवरील दिव्याचा स्विच तपासावा. फ्यूज जळला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. अधिक अँपिअरचा फ्यूज किंवा त्या जागी तारेचा तुकडा घालणे म्हणजे वायरींना आग लावण्याची तयारी करणे होय.

कान लावून पाहणे

आता कोणती चकती आजारी आहे ते ओळखण्याची एक साधी युक्ती सांगतो. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. इंजिन सुरू न करता केवळ चावी फिरवून रिव्हर्स गिअर टाकावा. पुढच्या आसनावर एक जाणता मनुष्य बसवावा, आणि इंजिन सुरू करावयाचे नाही हे त्यास बजावून सांगावे. मग मागे जाऊन एकेका चकतीशी कान न्यावा. चकती चालू असेल तर घड्याळासारखी बारीक टिक्‌ टिक्‌ ऐकू येते. मुख्य आवाज आपल्या कानापलीकडचा असला, तरी त्याच्या प्रत्येक झटक्याची सुरुवात एवढी जाणवते. बोटाचे टोक हलकेच टेकल्यासही ती थरथर कळते. तीन चकत्या टिकटिकत असून एक मुकी असेल, तर दोष त्या चकतीत किंवा तिच्या वायरीत आहे.

परंतु एक लक्षात असावे. कित्येक गाड्यांत एक चकती बिघडली की डिकीतली पेटी सगळ्याच बंद करते. मग चारही मुक्या लागतात, आणि ह्या परीक्षेचा निर्णय लागत नाही. अशा वेळी मेकॅनिककडील स्कॅनर लावावा लागतो. तो यंत्राच्या स्मरणातील दोषाचा क्रमांक वाचून कोणत्या जागेची चकती उत्तर देत नाही ते सांगतो. मात्र स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाचेच दोष वाचतात; सेन्सरचे वाचणारा आहे काय, हे आधी विचारावे.

अदलाबदलीची कसोटी

येथे पुष्कळांचे पैसे व्यर्थ जातात. स्कॅनर म्हणतो, "डाव्या टोकाच्या सेन्सरात दोष"; मेकॅनिक म्हणतो, "नवा सेन्सर घाला"; आणि मालक पैसे मोजतो. परंतु स्कॅनरला फक्त एवढेच कळते, की त्या जागेहून उत्तर येत नाही. उत्तर न येण्याचे कारण चकती मेली हे असू शकेल, तिची वायर तुटली हेही असू शकेल.

ह्याचा निवाडा करण्याची रीत सोपी आहे. संशयित चकती काढून शेजारच्या चांगल्या चकतीच्या जागी लावावी, आणि चांगली तिच्या जागी. मात्र दोन्हींवरचा क्रमांक एकच असावा, कारण काही गाड्यांत टोकाच्या व मधल्या चकत्या निराळ्या असतात. मग पुन्हा तपासावे. दोष चकतीबरोबर नव्या जागी गेला, तर चकती खराब. दोष जुन्याच जागी राहिला, तर चकती निर्दोष असून वायर, जोड किंवा पेटी ह्यांत बिघाड आहे. मागाहून बसविलेल्या संचात हे आणखी सोपे: डिकीतल्या पेटीवर ए, बी, सी, डी अशा खुणांची भोके असतात; तेथल्या दोन पिना आपसांत बदलल्या की काम होते.

त्या साखरपुड्याच्या घरची गाडी दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका मेकॅनिककडे नेली. स्कॅनरने डाव्या टोकाची जागा दाखविली. त्यानेही नवा सेन्सर मागविण्याची गोष्ट काढली. आम्ही विनंती केली, की आधी अदलाबदल करून पाहा. त्याने बंपर सैल करून ती केली. दोष जागचा हलला नाही. घरच्या मुलाने सुटकेचा श्वास सोडला. एका सेन्सरचे पैसे तेथेच वाचले.

वायर आणि जोड

गाडीबरोबरच येणाऱ्या चकतीला बहुतेक तीन वायरी असतात: एक वीज आणणारी, एक परतीची, एक निरोपाची. जोडाचे प्लास्टिक उघडून आतील पिना पाहाव्यात. हिरवट किंवा पांढरी बुरशी धरली असेल तर पाणी शिरले आहे. जोड साफ करण्याचा स्प्रे व मऊ ब्रश यांनी ती काढता येते. पीन गळून पडण्याच्या बेतास आली असेल तर जोड बदलणेच इष्ट. नंतर मल्टिमीटर घेऊन, यंत्र चालू असता, चांगल्या चकतीच्या जोडावर वीज व परतीच्या वायरींत किती व्होल्ट आहेत ते मोजावे, आणि आजारी जागेच्या जोडावर तेवढेच मिळतात काय, ते पाहावे. मिळत नसतील, तर पेटीपासून तेथपर्यंतची वायर बोटाने चाचपीत जावे. शेजाऱ्याशी तुलना करण्याची ही रीत पुस्तक हाताशी नसतानाही उपयोगी पडते.

आमच्या गाडीत जोड स्वच्छ होता. परंतु त्याच्या चार बोटे वर उंदराने वायरीचे वेष्टन कुरतडले होते. आतील तांबे पावसाच्या पाण्याने हिरवे पडून तुटले होते. ज्या घरी भाताची पोती आणि मोटार एकाच छपराखाली राहतात, तेथे हे नवल नाही. मेकॅनिकने सडलेला भाग चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापला, नवा तुकडा डाग देऊन जोडला, त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढविली, आणि वायर सायलेन्सरच्या नळीपासून दूर बांधली. दोन टोके पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. बंपराच्या आतील ओलाव्यात ती एका पावसाळ्याची सोबत करते.

चकतीच मेली असेल तर ती उघडून दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. तेव्हा दोन गोष्टी पाहाव्यात. तिच्याभोवतीची मऊ रबरी कडी जागेवर बसली पाहिजे, नाहीतर बंपरचीच थरथर तिला ऐकू येते. आणि बंपर पुन्हा रंगविताना चकतीवर रंगाचे जाड थर चढू देऊ नयेत. जाड रंगाने ती बहिरी होते.

दुरुस्तीनंतर, आणि एरवीही

दुरुस्ती झाली की परीक्षा केल्याविना गाडी घरी नेऊ नये. एक उंच पुठ्ठ्याचे खोके घ्यावे. गाडी बंदच ठेवून, वर सांगितल्याप्रमाणे केवळ चावी फिरवून, ते खोके एकेका चकतीसमोर दीड मीटरपासून हळूहळू जवळ आणावे, आणि सूर क्रमाने भरभर होतो काय, ते ऐकावे. परीक्षेसाठी मुलांस मागे उभे करू नये.

आणि यंत्र निरोगी असले तरी त्याच्या मर्यादा सोडून जात नाहीत. बारीक खांब, ताणलेली तार, बंपरच्या पातळीखालचा दगड, आवाज दुसरीकडे वळविणारा उतरता पृष्ठभाग, आवाज शोषून घेणारे जाड कापड, ही त्याला पुष्कळदा कळत नाहीत. अगदी चिकटून असलेली वस्तूही त्याला सुटते, कारण स्वतःची थरथर शांत होण्याआधीच तिचा प्रतिध्वनी परत येतो. उकिडवे बसलेले लहान मूल ह्या सर्वांत अधिक धोक्यात असते. म्हणून अंगणात गाडी मागे घेण्यापूर्वी चालकाने उतरून एक फेरी मारावी, काच खाली करावी, आणि घरच्या मोठ्या माणसाने मुलांचे हात धरून पायरीवर उभे राहावे. ह्यास अर्धा मिनिट लागतो.

आता त्या घरी गिअर पडला की एकदाच बारीक टुक्‌ होते, मग खरी शांतता. तरीही आजी पायरीवर येऊन उभ्या राहतात, नातवाला कडेवर घेतात, आणि मुलगा त्यांच्या हाताची खूण मिळेपर्यंत ब्रेकवरचा पाय काढीत नाही.